सातपुड्यातील हिवाळा आणि आरोग्यसेविका

पावसाळा ओसरून नदीनाल्यांचे पाणी उतरले, की डोंगराळ भागातील दळणवळण सुरळीत होते व शासकीय कामांना वेग येतो. आरोग्य खात्याच्या दृष्टीने मात्र हा काळ उसंतीचा नसतो. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव व अक्कलकुवा हे तालुके किंवा अमरावती जिल्ह्यातील मेळघाट घेतला, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने तेथील आरोग्यसेविका, आरोग्यसेवक व आशा स्वयंसेविका यांच्या कसोटीचे असतात. कडाक्याच्या थंडीत अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात दवबिंदू गोठतात. अशा पहाटे पाड्यापाड्यांवर पायी जाणाऱ्या सेविकेच्या मनःस्थितीची विचारपूस करणे हे केवळ सौजन्य नव्हे; तिच्या कामावर नवजात बालकाचे प्राण अवलंबून असतात.

ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जावयाचे असते. बाळंतपण घरी झाले असल्यास पहिल्या दिवशीही. वजन घ्यावयाचे, अंगाचे तापमान पाहावयाचे आणि श्वास मोजावयाचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक भरले, तर तो धोक्याचा इशारा होय. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाकरिता ही मर्यादा ५०, तर एक ते पाच वर्षांच्या बालकाकरिता ४० आहे. मोजणी पूर्ण मिनिटभर आणि बाळ शांत असतानाच करावी लागते. बाळ रडू लागले तर थांबणे आले. थकलेला मनुष्य अर्धा मिनिट मोजून आकडा दुप्पट करतो, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. अशा गृहभेटींचे मोल गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने दाखवून दिले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे नमूद आहे. आशाच्या पिशवीत बाळासाठी ब्लँकेट असते. ते घेऊन जाणारीच्या अंगावर स्वेटर आहे किंवा नाही, हे मात्र कोणत्याही नमुन्यात भरावयाचे नसते.

कामाचा भारही याच दिवसांत दाटतो. न्यूमोनियाविरुद्धची ‘सांस’ ही मोहीम २०१९ पासून सुरू असून तिचा काळ १२ नोव्हेंबर ते २८ फेब्रुवारी असा असतो. कुटुंबकल्याण शस्त्रक्रियांची शिबिरे थंडीत भरविण्याची प्रथा जुनीच आहे. मार्चअखेरच्या उद्दिष्टांची आठवण जानेवारीपासून होऊ लागते. त्यातच दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. गरोदर माता व लहान मुले यादीवर राहतात, घरी नसतात. डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येस एक उपकेंद्र हे प्रमाण कागदावर पुरेसे वाटले, तरी विखुरलेले पाडे त्या हिशेबात मावत नाहीत.

तथापि, मन खचते ते थंडीने क्वचितच. रात्री प्रसूतीसाठी सोबत आलेल्या आशाला रुग्णालयात पाठ टेकावयास जागा नसते. बाळंतिणीला खाट मिळते, ती व्हरांड्यात बसून राहते. आशांसाठी विश्रांतीकक्षाची तरतूद राष्ट्रीय आरोग्य अभियानात आहे. तो कक्ष उघडा असणे व त्यात दोन घोंगड्या असणे, एवढेच पाहावयाचे आहे. मोबदल्याचेही तसेच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये व पुन्हा २०२४ च्या जानेवारीत राज्यातील आशांनी संप केला, त्यानंतर मासिक मोबदल्यात ५,००० रुपयांची वाढ झाली. वाढलेली रक्कम दरमहा वेळेवर हाती पडणे ही तालुका स्तरावरील देखरेखीची बाब आहे.

ग्रामपंचायतीस येथे बरेच करता येते. गाव आरोग्य समितीस वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मिळतो. त्यातून काय घेता येईल हे नियम पाहून ठरवावे. रात्रीच्या फेरीस गावातील कोणी सोबतीला देण्यास निधी लागत नाही. शिक्षकांकडे स्थलांतरित मुलांची नोंद असते. ती आरोग्यसेविकेला दाखविली, तर तिच्या निष्फळ फेऱ्या वाचतील.

सर्वांत नाजूक प्रसंग बालमृत्यूनंतरचा. जे बाळ तिने सहा वेळा तोलले, ते दगावले की मासिक सभेत सर्वांसमोर तिला जाब विचारला जातो. मृत्यूची चौकशी कारण शोधण्यासाठी आहे, दोष लावण्यासाठी नाही, हे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. वैद्यकीय अधिकाऱ्याने ही विचारणा सभेबाहेर, शक्य तर तिच्या उपकेंद्रात बसून केली, तर वाट कोठे चुकली हे तीच मोकळेपणाने सांगते. असे झाले नाही, तर पुढच्या वेळी वहीतला आकडाच बदलतो, आणि तो बदललेला आकडा जिल्ह्यापर्यंत जातो. अशा दिवसांत बोलावेसे वाटले, तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’चा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक रात्रंदिवस उपलब्ध आहे. रुग्णांसाठी दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर लावण्याचा हा क्रमांक परिचारिकांच्या खोलीतही लावण्यास हरकत नाही.