स्फूर्तीआधी वार ठरवावा

मन उभारी धरेल तेव्हा कामाला लागू, असे थकलेला माणूस म्हणतो. हा क्रम उलटा असावा, असे वाटायला लावणारे एक उदाहरण १९३२ सालच्या धुळे तुरुंगात सापडते. गोलमेज परिषदेतून हाती काही लागले नव्हते, जानेवारीतच गांधीजींना अटक झाली होती आणि चळवळीचे पुढे काय होणार हे आत-बाहेर कुणालाच सांगता येत नव्हते. अशा वेळी २१ फेब्रुवारीपासून विनोबा भावे सहकैद्यांपुढे गीतेवर बोलू लागले. दर रविवारी एक अध्याय. १९ जूनला अठरावा अध्याय झाला. मोजून पाहा, मधला एकही रविवार चुकलेला नाही. श्रोत्यांत जमनालाल बजाज होते, आणि साने गुरुजी प्रवचने उतरून घेत होते म्हणूनच ‘गीता प्रवचने’ आज आपल्या हाती आहे. अनिश्चित काळात कष्टांपेक्षा पुढचे न दिसणे माणसाला जास्त दमवते. स्वराज्य कधी येईल हे त्या मंडळींना दिसत नव्हते. पुढचा रविवार मात्र दिसत होता. बोलणाऱ्याला त्या दिवशी स्फूर्ती असो वा नसो, ऐकणारे येऊन बसणार होते.

यावर कुणी म्हणेल, विनोबांची गोष्ट वेगळी, शिवाय तुरुंगात वेळच वेळ. पण पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती दिवसाचे काम उरकून, रात्री आणि पहाटे. ९ फेब्रुवारी १९३३ ला सुरुवात, १३ तारखेच्या पहाटे शेवट. या पुस्तकाची रचनाही पाहण्यासारखी आहे: श्याम रोज रात्री आश्रमातल्या मित्रांना आठवणी सांगतो. म्हणजे ठरलेली वेळ आणि वाट पाहणारे श्रोते, दोन्ही लेखकाने पुस्तकातच बसवले. हा केवळ योगायोग असावा, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्याच तुरुंगांत असंख्य माणसे खचली, आजारी पडली. त्यांची पुस्तके नाहीत म्हणून आपण त्यांना मोजत नाही. हे खरेच आहे, आणि म्हणून हालअपेष्टांतून प्रतिभा फुलते हे वाक्य मला फसवे वाटते. जात्यावरच्या ओव्यांचेही असेच कौतुक होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या; त्या रचणाऱ्या बायांना सवड मुळीच नव्हती. पहाटेचे दळण चुकत नसे आणि जात्याच्या दुसऱ्या बाजूला बहुधा आणखी एक बाई असे, एवढाच काय तो आधार. गिरणी आली आणि ते कष्ट सुटले, हे चांगलेच झाले. ओवीला कष्टांची गरज नव्हती. रोजची ठरलेली वेळ आणि सोबत हवी होती.

अर्थात काही थकवे वेळापत्रकाने जात नाहीत. झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर स्फूर्तीची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. बाकीच्यांनी आठवड्यातला एक वार आणि ऐकणारे एक माणूस ठरवावे, आणि पहिल्या खेपेला मनाजोगते काही जमले नाही तरी दुसरी खेप चुकवू नये.