फोटो डोळ्यांऐवजी कानावर शार्प येतोय? लेन्स विकण्याआधी ही तपासणी करा



मागच्या व्हिडिओखाली आणि दुकानात, दोन्हीकडे एकच प्रश्न येतोय. "सर, एफ/१.४ ची लेन्स घेतली, पण फोटो सॉफ्ट येतात. लेन्स खराब आहे का?" बऱ्याच वेळा लेन्सची काच उत्तम असते, चुकत असतं ते अंतराचं माप. हे ओळखता आलं तर तुमचे पैसे वाचतात आणि गिऱ्हाईकही टिकतं. अंतरपाट दूर होतानाचा नवरीचा चेहरा पुन्हा घेता येत नाही. तिथे फोकस कानातल्या झुमक्यावर गेला, तर दुसऱ्या वर्षी धाकट्या बहिणीच्या लग्नाची ऑर्डर दुसऱ्याकडे जाते.

मोजणारा एक, फोटो घेणारा दुसरा

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. सेवाग्राम आश्रमात कनू गांधींनी रोलीफ्लेक्स कॅमेऱ्यावर गांधीजींचे फोटो काढले. अट होती, फ्लॅश वापरायचा नाही आणि पोज द्यायला सांगायचं नाही. म्हणजे मिळेल त्या उजेडात, चालत्या-बोलत्या माणसाचा फोटो. रोलीफ्लेक्सला दोन लेन्स असतात. वरच्या लेन्समधून तुम्ही बघता, खालची लेन्स फिल्मवर फोटो घेते. दोघींचं जुळलेलं माप जरा बिघडलं, तर डोळ्याला शार्प दिसेल आणि फिल्मवर धूसर येईल.

लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यातही हाच प्रकार आहे. दोन खिडक्यांमधून आलेल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला असं आपण समजतो. लेन्सच्या मागची कडा कॅमेऱ्यातल्या एका छोट्या चाकाला ढकलते, आणि त्या ढकलण्यावर सगळा हिशोब चालतो. तुमच्या डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरने बघताना ऑटोफोकसचा सेन्सर वेगळा आणि फोटोचा सेन्सर वेगळा. यंत्रं तीन, पण दुखणं एकच. मिररलेसमध्ये फोटोच्या सेन्सरवरच फोकस ठरतो, म्हणून ही भानगड तिथे जवळपास संपते.

मग ही चूक महाग लेन्सवरच का दिसते? गणित बघा. फुल फ्रेमवर ५० एमएम लेन्स, एक मीटर अंतर. एफ/८ ला साधारण १९ सेंटीमीटर खोलीचा भाग शार्प येतो. एफ/१.४ ला फक्त ३ सेंटीमीटरच्या आसपास. किट लेन्सवर झाकली जाणारी चूक इथे उघडी पडते.

आधी स्वतःची सवय तपासा

मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस करायचा आणि मग कॅमेरा फिरवून फ्रेम जमवायची, ही सवय जवळपास सगळ्यांना असते. एक मीटरवर कॅमेरा २० अंश फिरवला, तर फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे ६ सेंटीमीटर मागे जाते. शार्प भाग ३ सेंटीमीटरचा, सरकलात ६. इथे लेन्सचा काय दोष? डोळ्यावरचाच फोकस पॉइंट निवडा, नाहीतर फ्रेम आधी जमवा.

पंधरा मिनिटांची तपासणी

सामान घरचंच लागतं: ट्रायपॉड, मोठ्या अक्षरांचा सपाट खोका, एक पट्टी आणि भरपूर उजेड.

१. खोका कॅमेऱ्यासमोर सरळ ठेवा. शेजारी पट्टी ४५ अंशात तिरकी लावा आणि पट्टीचा मधला आकडा खोक्याच्या पुढच्या बाजूच्या रेषेत आणा. फोकस खोक्यावर करायचा, पट्टी फक्त वाचायला. तिरक्या पट्टीवरचे २ सेंटीमीटर म्हणजे प्रत्यक्षात साधारण १.४.

२. छिद्र पूर्ण उघडं ठेवा. टायमर लावून दहा फोटो घ्या. प्रत्येक वेळी फोकस बिघडवा, एकदा जवळून आणि एकदा लांबून, आणि पुन्हा फोकस करा.

३. कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठं करून वाचा. दहाही फोटो एकाच बाजूला चुकले, तर मापाची चूक आहे, ती दुरुस्त होते. कधी पुढे, कधी मागे असेल, तर उजेड कमी आहे, हात हलतोय किंवा यंत्रणा सैल आहे. त्यावर सेटिंग बदलून उपयोग नाही.

४. दुसरी लेन्स लावा. दोन्ही सारख्याच चुकल्या तर संशय बॉडीवर, एकच चुकली तर त्या लेन्सवर.

५. डीएसएलआर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये तोच फोटो घ्या. तिथे शार्प, व्ह्यूफाइंडरने चुकीचा, म्हणजे काच ठीक आहे. रेंजफाइंडर असेल तर लांबच्या मोबाइल टॉवरकडे बघा. लेन्स अनंतावर टेकवल्यावर दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्याच पाहिजेत.

६. शेवटी, फोकसला हात न लावता एफ/१.४, २, २.८ आणि ४ वर फोटो घ्या. शार्प जागा हळूहळू मागे सरकत असेल, तर तो त्या डिझाइनचा स्वभाव आहे. झाइसची ५० एमएम एफ/१.५ सोनार यासाठीच ओळखली जाते. अशी लेन्स तुम्ही ज्या छिद्रावर जास्त काम करता, त्यासाठी जुळवून घ्यायची.

दुरुस्ती कुठे करायची?

अनेक वरच्या डीएसएलआर बॉडींमध्ये मेनूतच सोय असते. निकॉनमध्ये एएफ फाइन ट्यून, कॅननमध्ये एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट. फोकस पुढे पडत असेल तर प्लस, मागे पडत असेल तर मायनस. पाच-पाच आकडे बदला, पुन्हा दहा फोटो घ्या, मग बारीक करा. एक मीटरवर जुळलं की तीन मीटरवरही बघा, कारण लग्नात तुम्ही तिथेच उभे असता. सुरुवातीच्या बॉडीत बहुतेक वेळा ही सोय नसते. तिथे लाइव्ह व्ह्यू वापरा किंवा बॉडी आणि लेन्स दोन्ही सोबत सर्व्हिसला द्या. नुसती लेन्स पाठवली तर जोडीचं माप कोण जुळवणार?

रेंजफाइंडरमध्ये आधी अनंत आणि मग जवळचं अंतर, असं दोन टोकांना जुळवावं लागतं. एक टोक हललं की दुसरं बिघडतं. हा स्क्रू व्हिडिओ बघून फिरवू नका, जाणकाराकडेच द्या.

यात धंदा कुठे आहे?

आपलं केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला बाहेरगावची कुटुंबं येतात. आजूबाजूच्या प्रत्येक मोठ्या गावात लग्नाचे फोटो काढणारी पोरं आहेत आणि त्यातली बरीच सेकंड हँड लेन्सवर काम करतात. त्यांना तपासणी हवी असते, पण त्यासाठी शहराची चक्कर परवडत नाही.

हिशोब मांडा. एका लेन्सच्या तपासणीचे ३०० रुपये धरा. तुळशीच्या लग्नाआधी २० जणांनी प्रत्येकी दोन लेन्स आणल्या, तर १२,००० रुपये होतात, आणि भांडवल म्हणून एक खोका नि एक पट्टी. मात्र तीन गोष्टी पाळा. तपासणीआधीचा आणि नंतरचा फोटो गिऱ्हाइकाला द्या. बॉडी-लेन्सची जोडी, आकडा आणि तारीख कार्डावर लिहा. आणि लेन्स ठीक असेल तर "ठीक आहे" असंच सांगा, पैसे तपासणीचेच घ्या. खोटी दुरुस्ती एकदाच विकता येते. खरं सांगणाऱ्याकडे माणूस पुढची लेन्स घ्यायलाही येतो.

सेकंड हँड लेन्स विकत घेतानाही हीच तपासणी पैसे देण्याआधी करा. विकणारा पंधरा मिनिटं द्यायला तयार नसेल, तर तुमचे पैसे खिशातच राहू द्या.

आज संध्याकाळी तुमची सगळ्यात उघडी लेन्स काढा, दहा फोटो घ्या आणि निकाल कमेंटमध्ये लिहा: पुढे, मागे की विखुरलेला? पुढच्या व्हिडिओत त्यातलेच निकाल घेऊन बोलू.