ग्राफिक्स कार्डाचा वेग आणि सात नंबरचा संगणक

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यातली गोष्ट. संगणक-कक्षातील सात नंबरच्या संगणकाच्या पडद्यावर रंगीत ठिपके नाचू लागले आणि थोड्याच वेळात तो बंद पडला. दुसऱ्या दिवशी अकरावीचा एक विद्यार्थी स्वतःहून आमच्याकडे आला. त्याने ग्राफिक्स कार्डाचे 'ओव्हरक्लॉकिंग' केले होते आणि त्यासाठी कोणीतरी फेरफार केलेला ड्रायव्हर टाकला होता. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत प्रश्न आला की याला मोडतोड म्हणायचे की प्रयोग. दोन पालकांनीही विचारले, "आमच्याकडेही हेच चालते, कार्ड जळेल का?" त्या मुलाकडूनच आम्ही बरेचसे समजून घेतले. बाकीचे वाचून काढले.

संगणकातील प्रत्येक चिप एका ठेक्यावर चालते. एक ठोका पडला की कामाची एक पायरी पुढे सरकते. १००० मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. हा ठेका कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा वाढवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. (आम्ही विज्ञान हिंदीतून शिकलो. तिथे याला 'आवृत्ति' म्हणतात. मराठीत आवृत्ती पुस्तकाची असते, इथे 'वारंवारता' म्हणायचे. सुरुवातीला आमचाही गोंधळ उडत असे.)

पण कंपनीने वेग ठरवून दिला असताना तो वाढवायला जागा उरतेच कशी? सराफ्यातल्या हलवायाला विचारा, एकाच घाण्यातल्या सगळ्या जिलब्या सारख्या उतरत नाहीत. चिप्सचेही तसेच आहे. एकाच सिलिकॉनच्या चकतीवर शेकडो चिप्स बनतात, त्यांतल्या काही उत्तम निघतात, काहींचा एखादा भाग सदोष असतो. सदोष भाग बंद करून ती चिप स्वस्त कार्डात घालतात. शिवाय एका नावाने विकल्या जाणाऱ्या सर्व कार्डांचा वेग त्यांतल्या दुबळ्या चिपलाही झेपेल असा ठेवावा लागतो. म्हणून चांगल्या चिपमध्ये थोडी ताकद शिल्लक राहते.

याचे गाजलेले उदाहरण २००२ सालचे आहे. कॅनडाच्या एटीआय कंपनीने त्या वर्षी ऑगस्टमध्ये रेडिऑन ९७०० प्रो हे ३९९ डॉलरचे कार्ड आणले. त्याच्या चिपमध्ये चित्रबिंदू तयार करणाऱ्या आठ वाहिन्या होत्या. काही महिन्यांतच रेडिऑन ९५०० हे बरेच स्वस्त कार्ड आले. त्यात चिप तीच होती, फक्त चार वाहिन्या बंद. १२८ मेगाबाइट स्मृती असलेल्या काही ९५०० कार्डांची तर पाटीसुद्धा ९७००चीच होती. हौशी मंडळींच्या लक्षात आले की ड्रायव्हरमध्ये थोडा बदल केला की बंद वाहिन्या सुरू होतात. रशियाच्या अलेक्सेई निकोलाइचुक यांच्या रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅममधून हा बदल करता येत असे. काटेकोरपणे पाहिले तर हे ओव्हरक्लॉकिंग नव्हे, झाकलेला भाग उघडणे आहे. पण दोन्ही उद्योग करणारी मंडळी एकच होती.

ज्यांचे नशीब चांगले त्यांना स्वस्तात जवळजवळ ९७०० मिळाले. इतरांच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटले, कारण त्यांच्या चिपमधील त्या वाहिन्या खरोखरच सदोष होत्या. कंपनीने त्या बंद केल्या होत्या त्याला कारण होते. पुढे कंपन्या असे भाग ड्रायव्हरच्या आवाक्याबाहेर, चिपमध्येच कायमचे तोडू लागल्या.

आता उष्णतेचा हिशेब. बारावीच्या विद्यार्थ्यांनी हे करून पाहावे. चिप जी वीज खाते ती साधारणपणे वारंवारतेच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग १० टक्के वाढवला आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेजही १० टक्के वाढवले, तर १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ म्हणजे १.३३१. काम वाढले जास्तीत जास्त १० टक्के, उष्णता मात्र ३३ टक्के! स्वस्त कार्डाचा पंखा लहान असतो. वेगळी वीजजोडणी नसलेले कार्ड मदरबोर्डच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंतच वीज घेऊ शकते. त्यात आपल्याकडचा मे महिना. खोलीतच ४० अंश असतील तर पंख्याने गार हवा आणायची कुठून?

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर असे, की नुसता वेग थोडा वाढवल्याने कार्ड सहसा जळत नाही. फार तापले की अलीकडची कार्डे स्वतःच वेग कमी करतात, नाहीतर संगणक बंद पडतो. व्होल्टेज वाढवण्याचा धोका मात्र खरा आहे, त्याने चिपचे आयुष्य घटते. आणि लाभ तरी किती? २०१२ पासून एनव्हिडियाची कार्डे उरलेली ताकद आपणहून वापरतात. हाताने वाढवून बहुधा पाच-दहा टक्केच पदरात पडतात.

आम्हाला खरी काळजी कार्डाची नाही, ड्रायव्हरची वाटते. ड्रायव्हर हा संगणकाच्या अगदी गाभ्यात चालणारा प्रोग्रॅम आहे. त्याला सगळे दिसते आणि सगळे करता येते. म्हणून ६४-बिट विंडोज व्हिस्टापासून गाभ्यातल्या ड्रायव्हरवर डिजिटल सही असणे सक्तीचे झाले. ड्रायव्हरमधले एक अक्षर बदलले तरी ती सही जुळत नाही, म्हणून असा ड्रायव्हर टाकणारा आधी सहीची तपासणीच बंद करतो. आमच्या विद्यार्थ्यानेही तेच केले होते. म्हणजे त्यानंतर त्या संगणकात कोणीही शिरले असते. सहीदेखील चोरीला जाऊ शकते. २०२२ मध्ये एनव्हिडियातून सहीची प्रमाणपत्रे चोरीला गेली आणि घातक प्रोग्रॅमवर त्यांनी सह्या करण्यात आल्या. सात नंबरच्या संगणकावर मुले परीक्षेचे अर्ज भरतात, त्यात घरचे पत्ते आणि पालकांचे फोन नंबर असतात. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "हे तर माझ्या डोक्यातच आलं नाही." कार्डाची भरपाई द्यायला तो तयार होता. ती वेळ आली नाही. विंडोज नव्याने टाकल्यावर कार्ड ठीक चालते आहे.

विश्वस्त मंडळाशी बोलून आम्ही असे ठरवले आहे. कक्षातील बारा संगणकांवर कोणताही ड्रायव्हर शिक्षकांशिवाय कोणी टाकणार नाही. भांडारात पडलेला एक जुना संगणक मात्र इंटरनेट न जोडता प्रयोगासाठी काढून देत आहोत. शनिवारी साडेबारानंतर तो वापरता येईल. व्होल्टेजला हात लावायचा नाही. वेग एका वेळी १० मेगाहर्ट्झ वाढवायचा, पंधरा मिनिटे चालवून पाहायचे आणि वेग, तापमान व पडद्यावर काय दिसले ते वहीत लिहायचे. वहीची जबाबदारी त्याच अकरावीच्या विद्यार्थ्याकडे दिली आहे. कोणा पालकांकडे चालू स्थितीतले जुने कार्ड पडून असेल तर कार्यालयात आणून द्यावे.