‘चालायचंच’ म्हणण्याआधी

दिवस गेलेल्या बाईने कोणतीही तक्रार सांगितली, तरी घरातल्या मोठ्या माणसांकडे उत्तर तयार असते, ‘‘चालायचंच!’’ मळमळते? चालायचंच. कंबर दुखते? चालायचंच. पायावर सूज आली? सातवा सरला की येतेच. आणि खरे सांगायचे, तर बहुतेक वेळा हे उत्तर बरोबरही असते. गरोदरपण हा काही आजार नव्हे. पण जेव्हा हे उत्तर चुकते, तेव्हा दोन जिवांशी गाठ असते. म्हणून ‘चालायचंच’ कशाला म्हणावे आणि कशाला म्हणू नये, एवढेच आज सांगणार आहे.

गेल्या महिन्यात एक सासूबाई गुडघेदुखीसाठी दवाखान्यात आल्या. सोबतीला सून होती, आठवा महिना चालू असलेली. सासूबाईंना तपासताना माझे लक्ष बाकावर बसलेल्या सुनेच्या हाताकडे गेले. बोटे सुजलेली, अंगठी मांसात रुतलेली, बांगड्या मनगटात घट्ट. चेहराही ओघळल्यासारखा. मी म्हटले, ‘‘मावशी, तुमचे गुडघे थांबतील. आधी हिला बघू.’’ सासूबाई हसल्या. ‘‘अहो डॉक्टर, ती बरी आहे. डोकं तेवढं दुखतंय दोन दिवस. झोप होत नाही ना नीट, चालायचंच.’’

ब्लडप्रेशर निघाले १६० वर १०४. लघवी तपासली, त्यात प्रथिने होती. तासाभरात तिला उपजिल्हा रुग्णालयात रवाना केले. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. मी एवढी घाई का केली, ते आधी सांगतो.

माझी चूक

१९९७ सालची गोष्ट. नुकतीच प्रॅक्टिस सुरू केली होती. पहिलटकरीण मुलगी, नववा लागलेला, डोकेदुखीसाठी आली. मे महिना होता, दवाखान्यात गर्दी होती. मी म्हटले, ऊन लागले असेल. दोन गोळ्या लिहून दिल्या. ब्लडप्रेशरचे यंत्र पाठीमागच्या कपाटात होते, ते काढण्याचा मी कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला घरी झटके आले. घरच्यांना वाटले, बाहेरची बाधा. अंगारा लावण्यात दोन तास गेले, मग जीपमध्ये घालून तिला शहरात नेले. मुलगी वाचली. मूल गेले.

अंगारा लावणाऱ्यांना पुष्कळांनी नावे ठेवली. पण माझ्या दवाखान्यात ती आली होती, तेव्हा हाती दोन दिवस होते. ते दोन दिवस मी घालवले. त्या दिवसापासून ते यंत्र माझ्या टेबलावर आहे. गरोदर बाई कशासाठीही येवो, पाय मुरगळला म्हणून येवो, आधी तिच्या दंडाला पट्टा बांधतो.

या विकाराला डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. पाच महिने उलटल्यावर, बहुधा शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, काही स्त्रियांचे ब्लडप्रेशर वाढू लागते. मूळ दोष वारेच्या रक्तवाहिन्यांत असतो, परिणाम मात्र आईच्या मूत्रपिंडावर, यकृतावर, मेंदूवर होतो आणि बाळाचे पोषणही तुटते. पहिलटकरणी, जुळी असलेल्या, आधीच ब्लडप्रेशर किंवा मधुमेह असलेल्या आणि मागच्या खेपेस हाच त्रास झालेल्या स्त्रियांना धोका अधिक. अशांना डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून अ‍ॅस्पिरिनची कमी ताकदीची गोळी सुरू करतात. ती मनाने घेऊ नये.

यातली मेख अशी, की सुरुवातीला बाईला काहीच जाणवत नाही. ब्लडप्रेशर १४० वर ९० झाले तरी ती पाणी भरत असते, भाकऱ्या थापत असते. ते कळते फक्त यंत्राला. म्हणून ‘मला काही होत नाही, मग तपासणीला कशाला जाऊ?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. काही होत नसतानाच जायचे असते.

खरोखर ‘चालायचंच’ ते कोणते?

आता साध्या तक्रारी. या आजार नव्हेत, पण म्हणून सोसतच राहावे असेही नाही. थोड्या युक्तीने बराच आराम पडतो.

मळमळ व उलट्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत असतात. सकाळी उठल्याबरोबर चहा घेऊ नये. अंथरुणातच कोरडी भाकरी, खाकरा किंवा टोस्ट खावा आणि मग दहा मिनिटांनी उठावे. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. आल्याचा तुकडा चघळल्याने अनेकींना बरे वाटते. पण पाणीही पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी व गडद होऊ लागली असेल, तर ते डोहाळे नव्हेत. सलाईन लागेल.

छातीत जळजळ होते ती पोट वर दाबले जाते म्हणून. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, उशाशी एक उशी जास्त घ्यावी, रात्रीचे जेवण लवकर व बेताचे करावे. बद्धकोष्ठाला पाणी, पालेभाजी, सालीसकट डाळी आणि रोजचे चालणे हे पहिले औषध. इसबगोल चालतो. जुलाबाचे जालीम औषध घेऊ नये.

कंबरदुखीसाठी भरलेली कळशी किंवा बादली उचलणे बंद करावे आणि हे काम घरातल्या पुरुषांनी करावे. वाकायचे झाल्यास कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे. रात्री पोटरीत गोळा आला, तर पाय ताणून बोटे आपल्याकडे ओढावीत. सातव्यापासून पुढे उताणे न झोपता कुशीवर झोपावे, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

आणि सूज? दिवसभर उभे राहून संध्याकाळी घोट्याशी येणारी आणि रात्रीच्या विश्रांतीने सकाळी ओसरणारी सूज बहुधा साधी. सकाळीही तशीच राहणारी, चेहऱ्यावर व हातांवर येणारी किंवा दोन-चार दिवसांत झपाट्याने वाढणारी सूज साधी समजू नये. अंगठी निघेनाशी झाली, तर दवाखाना गाठावा.

अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेण्याची सवय फार वाईट. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः पाच महिन्यांनंतर, बाळाच्या मूत्रपिंडाला व हृदयाला अपाय करू शकतात. पॅरासिटॅमॉल चालते, तेही डॉक्टरांना विचारून.

लाल गोळी उशीखाली नको

सरकारी दवाखान्यातून लोहाच्या लाल गोळ्या मोफत मिळतात. घेतल्या का विचारले की मान हलते. नंतर कधीतरी कपाटात पाकिटे तशीच सापडतात. कोणी सांगितलेले असते, गोळ्यांनी मूल काळे होते. कोणी सांगते, मूल मोठे होऊन अडते. दोन्ही खोटे. काळा होतो तो फक्त शौचाचा रंग, आणि त्यात काही बिघडत नाही.

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले, की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत तो आढळला. रक्त चांगले असलेली बाई बाळंतपणातला थोडाफार रक्तस्राव झेलते. अंगात आधीच रक्त नसलेल्या बाईचा तेवढ्यानेच जीव जाऊ शकतो. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ही गोळी घ्यायची. रक्त कमी असेल, तर डॉक्टर दोन सांगतील.

घेण्याची रीत महत्त्वाची. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लोह चांगले शोषले जाते. चहाबरोबर घेतल्यास बरेचसे वाया जाते. चहा आणि गोळी यांत किमान तासा-दोन तासांचे अंतर हवे. कॅल्शियमची गोळी कधीही तिच्याबरोबर घेऊ नये. एक दुपारी, तर दुसरी रात्री. मळमळत असेल, तर लोहाची गोळी रात्री झोपताना घ्यावी, पण बंद करू नये.

आहारासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त हवे. बाजरी, नाचणी, मटकी, मूग, शेंगदाणे, शेवग्याचा पाला, दूध, आणि चालत असल्यास अंडी व मासे. ‘कमी खा, म्हणजे मूल लहान राहील आणि बाळंतपण सोपे होईल’ हा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, की हा सल्ला देऊ नका. असे मूल कमी वजनाचे जन्मते आणि पहिला आठवडाच त्याला जड जातो. ग्रहणात गरोदर बाईला उपाशी व बिनपाण्याचे बसवण्याचेही कारण नाही. ग्रहणाने बाळाला काही होत नाही, उपासमारीने होते.

एक बोचरी गोष्ट सांगतो. आपल्याकडे पुष्कळ बायका मशेरी लावतात. तिला कोणी व्यसन समजत नाही, दात घासण्यातच ती जमा होते. पण मशेरी म्हणजे तंबाखूच. ती हिरड्यांतून रक्तात आणि रक्तातून बाळापर्यंत जाते. बाळाचे वजन घटते, क्वचित ते पोटातच दगावते. दिवस गेल्याचे कळेल त्या दिवशी मशेरीची डबी घरातून बाहेर काढा. सासूबाईंनीही सोडली, तर सुनेला सोपे जाईल.

कार्ड माहेरी न्या

दिवस गेल्याचे कळताच पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवून माता व बाल संरक्षण कार्ड घ्यावे. एकूण किमान चार तपासण्या व्हाव्यात. वजन, ब्लडप्रेशर, रक्त, लघवी, साखर हे सारे त्यात येते. धनुर्वाताच्या जुन्या टी.टी.ऐवजी आता टीडीची इंजेक्शने देतात, तीही घ्यावीत. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून चालू आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे, मुलीला विसावा मिळतो. पण नेमक्या सातव्या-आठव्या महिन्यात, जेव्हा लक्ष ठेवण्याची सर्वांत जास्त गरज, तेव्हाच ती गाव बदलते आणि डॉक्टरही बदलतात. ओटीचे साहित्य, साड्या, फळे सगळे बरोबर जाते. कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद मात्र सासरच्या कपाटात राहतात! ओटी भरताना त्या नारळाशेजारी कार्ड ठेवा. आणि माहेरी पोचल्यावर आठवडाभरात तिथल्या दवाखान्यात ते दाखवा.

कापून ठेवा

पुढील मजकूर कात्रण करून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवावा. यातले काहीही झाले, तर दिवस-रात्र न पाहता रुग्णालयात जावे :

१. तीव्र किंवा न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, काजवे चमकणे.
२. चेहरा व हात सुजणे, लघवी कमी होणे.
३. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात कळ.
४. अंगावरून रक्त जाणे, थोडे असले तरी.
५. पाणी फुटणे, कळा सुरू नसल्या तरी.
६. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणे. उद्यापर्यंत वाट पाहू नये.
७. थंडी वाजून ताप.
८. बसल्या जागी धाप लागणे.
९. झटके. तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये. कुशीवर वळवावे आणि गाडी बोलवावी.

रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ हा क्रमांक फिरवावा. यांपैकी डोकेदुखी, अंधारी व झटके यांचा धोका बाळंतपणानंतरही सहा आठवडे असतो, हे लक्षात ठेवावे.

आता त्या सुनेचे. रुग्णालयात तिला ब्लडप्रेशरची औषधे व झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियमची इंजेक्शने दिली. चार दिवसांनी सिझेरियन करून मुलगी झाली, वजन २ किलो १०० ग्रॅम. चणीने लहान, पण दूध ओढते आहे. परवा सासूबाई पेढे घेऊन आल्या. गुडघे अजून दुखतातच म्हणाल्या. मी तपासायला उठलो, तर म्हणाल्या, ‘‘राहू द्या हो, माझं चालायचंच. पण त्या पलीकडच्या गल्लीतल्या पोरीला सातवा लागलाय. तिला घेऊन येते उद्या, तेवढा पट्टा बांधून बघा.’’

वाचकहो, तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच. तिला विचारा, ब्लडप्रेशर शेवटचे कधी मोजले?