पाण्याखाली भेग बुजवताना

सांगलीत कृष्णेवर शर्यतीला उतरणारी होडी गळू लागली, तर तिला घाटावर ओढून घेता येतं. तळ वाळवायचा, फट बुजवायची आणि होडी पुन्हा पाण्यात सोडायची. शिडाच्या बोटीचं तसं नाही. तिच्या तळाला कील असते, म्हणजे पाण्यात खोल उतरलेलं शिशाचं किंवा बिडाचं जड पातं. वाऱ्याने बोट कलली की हेच वजन तिला परत सरळ करतं. खडकावर आपटून कील आणि बोटीचा सांधा उकलला आणि जवळ क्रेन नसली, तर दुरुस्ती पाण्यातच करावी लागते.

ज्याला पाण्याबाहेर काढताच येत नाही असं एक मोठं बांधकाम सातारा जिल्ह्यात आहे: कोयना धरण. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. 103 मीटर उंचीच्या धरणाला आडव्या भेगा पडल्या. मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे, पायापासून सुमारे 66 मीटरवर, त्यांचा जोर होता. त्या वेळी जलाशयात जवळपास 91 मीटर पाणी होतं. म्हणजे पाण्याकडची भेग पृष्ठभागाखाली साधारण 25 मीटरवर. दर 10 मीटरला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो हा हिशेब धरला, तर तिथे दर चौरस मीटरवर 25 टनांचा दाब येतो.

या दाबाची दिशा कामाचं गणितच बदलते. बोटीच्या सांध्यावर पाणबुड्या बाहेरून लेप लावतो, तेव्हा आत शिरू पाहणारं पाणी तो लेप फटीत दाबत राहतं. तिथे पाणीच मदतीला येतं. तीच फट बोटीच्या आतून बुजवायला गेलात, तर पाणी लेप बाहेर ढकलतं. धरणाच्या कोरड्या बाजूनेही अगदी हेच होतं.

कोयनेच्या भेगांमध्ये इपॉक्सी दाबाने भरलं होतं. कीलसाठी वापरतात ती पुट्टीही याच कुळातली. रंग वाळतो तो त्यातला द्राव उडून गेल्यामुळे, आणि पाण्याखाली तो उडणार कुठे? इपॉक्सीला वाळायचं नसतंच. राळ आणि कठीणकारक एकत्र आले की त्यांचे रेणू एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. ही रासायनिक क्रिया आहे, तिला हवा लागत नाही. थंडी मात्र तिला मानवत नाही. तापमान 10 अंशांनी उतरलं की तिचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो.

खरी अडचण असते पाण्याच्या पातळ पडद्याची. ओल्या पृष्ठभागावर आधी पाणी चिकटलेलं असतं, गोंदाला जागाच मिळत नाही. म्हणून पाण्याखालच्या इपॉक्सीत पाणी बाजूला सारून पृष्ठभाग धरणारे घटक घालतात. बाकीचं काम पाणबुड्याच्या हाताचं. आधी शेवाळ, गंज, सुटा रंग खरवडायचा. राळ आणि कठीणकारकाचे दोन रंगांचे गोळे कणकेसारखे मळून एकच रंग आणायचा. पट्टे दिसले, तर तेवढा भाग कच्चाच राहणार. मग लेप एका कडेने टेकवत, अंगठ्याने पुढे रेटत न्यायचा, म्हणजे खालचं पाणी समोरून निघून जातं. मधोमध थापला की पाणी आत कोंडतं आणि लेप काही दिवसांत सुटतो. गढूळ पाण्यात हे सगळं चाचपडतच करावं लागतं. माझ्या मते या कामातलं निम्मं शास्त्र त्या अंगठ्यात आहे.

पण लेप फक्त पाणी अडवतो. कीलचं वजन पेलतात ते बोल्ट. ते गंजले किंवा वाकले असतील, तर पाण्यातली दुरुस्ती ही बोट गोदीपर्यंत नेण्यापुरतीच समजावी. कोयनेतही अभियंते इपॉक्सीवर थांबले नाहीत. भेगेच्या वरचा आणि खालचा भाग त्यांनी ताण दिलेल्या पोलादी तारांनी एकमेकांना आवळला आणि पुढे सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले.