वजन कमी, धक्का जास्त

माझी भाची पेट्रोल पंप चालवते. रात्री दिवसभराची रोकड घेऊन घरी येताना तिला धास्ती वाटते. परवान्यासाठी अर्ज करायचं ठरवून तिने मला विचारलं, "मामा, पर्समध्ये मावेल असं हलकं रिव्हॉल्व्हर कुठलं?" पोलीस खात्यात उमेद घालवल्यामुळे हा प्रश्न मला अनेकजण विचारतात.

श्रोते हो, हलकं म्हटलं की 'निर्भीक'चं नाव निघतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याने ते २०१४ मध्ये आणलं. स्त्रियांना सोयीचं शस्त्र म्हणून त्याचा बराच गाजावाजा झाला. ते .३२ बोअरचं असून टायटॅनियमच्या मिश्रधातूचं आहे. वजन जेमतेम अर्धा किलो. त्याच बोअरचं जुनं पोलादी रिव्हॉल्व्हर साधारण ७०० ग्रॅम भरतं.

मग हलकंच घ्यावं, नाही का? इथेच गफलत होते. भरलेल्या हातगाडीला आणि रिकाम्या हातगाडीला सारखाच धक्का द्या. रिकामी जास्त वेगाने पळते. तसंच इथे. काडतूस तेच असेल, तर ७०० ग्रॅमच्या मानाने ५०० ग्रॅमचं शस्त्र जवळजवळ दीडपट वेगाने मागे येतं. तो हिसका मनगटाला सोसावा लागतो. दुसरं म्हणजे, घोडा आधी न चढवता नुसता चाप ओढायचा, तर शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट जोर लागतो. हलकं शस्त्र त्या ओढीनेच हलतं. त्यात नळी आखूड असली, की नेम धरतानाची बारीकशी चूकही मोठी होते.

म्हणून निवडताना तराजू नको, हात बघा. रिकामं शस्त्र सुरक्षित दिशेला धरा. मूठ पूर्ण बसते का? बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोचतं का? चाप ओढताना माशी जागची हलते का? ज्याने सराव करताना हात दुखतो, ते शस्त्र माणूस कपाटात टाकतो आणि ऐन वेळी ते परकं वाटतं. पर्स तर नकोच. चोर आधी पर्सच हिसकावतो, आणि घरी मुलंही आधी पर्सच उघडतात.

परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली मिळतो. २०१६ च्या नियमांनी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षणही आवश्यक केलं आहे. ते केवळ कागदापुरतं घेऊ नये.

भाचीला मी रायफल क्लबात नेलं. तिथलं .३२ चांगलं वजनदार होतं. सहा गोळ्या झाडून ती मनगट चोळत म्हणाली, "मामा, हे एवढं उडतं, तर हलकं किती उडेल?"

अर्ज तिने मागे घेतलेला नाही. सराव मात्र सुरू केला आहे, आणि रोकड आता उजेडी, दोघांच्या सोबतीने बँकेत जाते.