रात्री दोनची शर्टविक्री

रियालचं नाव आणि राजचिन्ह वापरून आभासी चलनं खपवणाऱ्यांपासून सावध राहा, असं सौदी अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2019 मध्ये बजावलं. पण भामट्यापर्यंत पैसा पोचवतं कोण? मध्ये बँक असते आणि व्यापाऱ्यासाठी पैसे स्वीकारणारी पेमेंट कंपनी.

कार्ड-व्यवहारात व्यापाऱ्याला धंद्यानुसार चार आकडी सांकेतांक मिळतो. क्रिप्टोविक्रीसाठी सहसा 6051. तो दिसला की बँक सावध होते. म्हणून भामटा कपड्यांचं दुकान म्हणून नाव नोंदवतो. मग हे दुकान रात्री दोनला एकेका गिऱ्हाइकाला बरोब्बर पाच-पाच हजार रियालचे शर्ट विकतं! दर व्यवहारामागे कमिशन कापणाऱ्या कंपनीला हे दिसत नाही, हे मला तरी पटत नाही.

सौदीतल्या जुबैलमधला एखादा रत्नागिरीकर मात्र भुलून स्वतःच बँकेतून पैसे पाठवतो, तेव्हा सांकेतांकाचा उपयोग नाही. तिथे वेळ कामी येतो. सौदी मध्यवर्ती बँकेने एप्रिल 2022 मध्ये हस्तांतरणाची दैनंदिन मर्यादा 60,000 रियालवर आणली, परदेशी रक्कम 24 तास रोखायला लावली.

ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून असं भुलून पैसे पाठवलेल्या गिऱ्हाइकाला द्यायची भरपाई रक्कम पाठवणारी आणि स्वीकारणारी संस्था निम्मी-निम्मी सोसतात. परदेशी गेलेला पैसा मात्र त्यात बसत नाही.